डब्याबरोबरचा कागद

दर्शना,

काल तुझ्या लॅबमधली रुबीना येऊन गेली. तेराव्याला घरात माणसं होती, बोलता आलं नव्हतं, म्हणून परत एवढ्या लांब एसटीने आली. तुझा पांढरा कोट, चहाचा कप, चपलांचा जोड असं पिशवीत घालून आणलं होतं. ते सगळं तुझ्या सासूच्या हातात दिलं. मग एक छापील कागद काढला, माझ्यापुढे धरला आणि त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून मला एक प्रश्न विचारला.

मी म्हणालो, मला काय माहीत.

ते खोटं होतं. ती ओळ तू घातलेली आहे आणि आता लॅबवाले ती काढणार आहेत. ती का आहे हे सांगणारा माणूस जगात एकच उरलाय, आणि तो काल खुर्चीत बसून आढ्याकडे बघत होता. रुबीनाने चहा घेतला आणि पावणेचारची गाडी धरली.

लॅबवाले तुझ्या आठवणींचं एक लहान पुस्तक काढताहेत. घरच्यांनी दोन पानं द्यावीत असं ती जाताना म्हणाली. नितेश म्हणाला, बाबा, तुम्ही सांगा, मी लिहितो. मी म्हटलं, माझ्या सुनेला लिहायचं तर माझाच हात लागेल. चौथी शिकलोय, न शिकलेला नाही. अक्षर वेडंवाकडं आहे. रुबीनाने ते छापताना सरळ करावं, पण शब्दाला हात लावू नये.

तू कशी होतीस ते मी त्या लोकांना काय सांगू? ते तुझ्याजवळ आठवड्याचे सहा दिवस होते, मी एक. तू खाडीपलीकडची, श्रीवर्धनची, सुपारीच्या वाडीतली. आमच्याकडे आलीस तेव्हा तुला सुरमईचं डोकं खाता येत नव्हतं. नितेश जहाजावर, सहा-सहा महिने पाण्यावर. तू नवी मुंबईत खोली घेऊन राहायचीस आणि शनिवारी संध्याकाळी पाठीला पिशवी लावून दारात उभी. चहा प्यायच्या आधी मला विचारायचीस, "मामा, आज बर्फ किती पेट्या?" दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मला ती चेष्टा वाटली असती.

बर्फाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी चाळीस वर्षं आगरदांड्याच्या धक्क्यावर बर्फ भरला. मासळी कोणाचीही असो, मुंबईला जाणारी पेटी माझ्या हाताखालून जायची. खाली बर्फाचा चुरा, वर मासळी, मग परत चुरा, आणि लांबचा प्रवास असेल तर जाडं मीठ मारायचं. मीठ मारलं की बर्फाला दात फुटतात, थंडी जास्त चावते. आणि वाटेत पेटी उघडायची. हा आमचा नियम. टेम्पो पेणला थांबला की झाकण काढायचं, हात घालायचा, बर्फ बसला असेल तर भर टाकायची. न उघडता पुढे गेलेली पेटी मुंबईत वास मारते. माझी एक पेटी परत आली नाही. एकही नाही. हे मी तुला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी शेवटी तू माझ्या आधी ते वाक्य पुरं करायचीस.

पहिल्याच दिवाळीत मी विचारलं होतं, तुम्ही तिकडे बनवता तरी काय. तू म्हणालीस, एन्झाइम. माणसाच्या अंगात असतं. पाण्याची मदत घेऊन मोठ्या वस्तूचे तुकडे करतं, अशा जातीला हायड्रोलेज म्हणतात. मी म्हटलं, पाणी कापतं हे तू मला शिकवतेस? आमचा अर्धा बांध खाडीने कापून नेलाय. तू हसलीस आणि म्हणालीस, बरोबर, तसंच, फक्त फार बारीक. मग मी विचारलं, माणसाच्या अंगातून काढता काय ते? तर नाही. जंतूंकडून करून घेता.

"पण कोणत्या माणसाचं?"

"कोणाचंच नाही, मामा."

"कोणाचंच न्हाय म्हंजे? बेवारशी?"

तुझी सासू आतून म्हणाली, "तिला जेवू द्या. पोलीस चौकी लावलीय नुसती."

तू ताट बाजूला सारलंस आणि मागच्या परसातल्या आंब्याकडे हात केलास. हापूसची काडी रायवळाच्या रोपावर बांधतात ना, म्हणालीस. मूळ रायवळाचं, पाणी ओढतो रायवळ, पण फळ कुठलं येतं? हापूस. मग जंतू म्हणजे रायवळ आणि काडी माणसाची. फळ माणसाचंच म्हणायचं.

हरलो असं म्हणायची मला सवय नाही. मी म्हटलं, हापूस खाता येतो, तुझं ते फळ खाता येतं का? तू म्हणालीस, नाही, बाटलीवर लिहिलेलंच असतं, फक्त प्रयोगशाळेसाठी, माणसांना देण्यासाठी नाही. मी म्हटलं, माणसाचं, आणि माणसालाच न्हाय. चांगला धंदा हाय. तू म्हणालीस, त्यावर तपासून बघतात, मामा. कुठलं औषध त्याला थांबवतं, कुठलं चालवतं. आधी त्याच्यावर, मग कितीतरी वर्षांनी माणसावर.

आणि ते जिवंत असतं काय, असंही मी विचारलं होतं. तू नाही म्हणालीस. आणि पुढच्याच वाक्यात म्हणालीस, गरम झालं की मरतं. मी तुला तिथेच धरलं. जिवंत नाही ते मरेल कसं? तू म्हणालीस, आम्ही बोलतो तसं. त्याची घडी मोडते, मग ते काम करत नाही. मी म्हटलं, मोडलं म्हण, मेलं म्हणू नको. हे भांडण आपण वर्षानुवर्षं चालवलं. आमटी गार व्हायची, तुझी सासू उठून जायची, पण तू सोडायची नाहीस आणि मी तर नाहीच. तुझ्याशी भांडण्याची मला चटक लागली होती. शनिवार आला की मी नवीन मुद्दा काढून ठेवायचो. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

एकदा डोळे दाखवायला तिकडे आलो होतो तेव्हा तू मला तुझ्या लॅबमध्ये नेलंस. पायाला पिशव्या बांधल्यास, डोक्याला टोपी घातलीस. मला वाटलं मोठी यंत्रं असतील, कढया असतील. तू करंगळीएवढी नळी दाखवलीस, तळाशी दोन थेंब पाणी. मी म्हटलं एवढंच? तू त्यातला एक थेंब दुसऱ्या पाण्यात सोडलास आणि म्हणालीस, बघत राहा. बघता बघता पाणी पिवळं झालं. हळद पडावी तसं. "ते काम करतंय, मामा," तू म्हणालीस. तुझा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते मला माहीत आहे. पहिल्या फेरीला धक्क्यावर मासळी उतरताना पोरांचे होतात तसा. मी तिथे म्हणालो, पिवळं तर कावीळसुद्धा करते. सगळे हसले. तूही हसलीस. मला खरं तर म्हणायचं होतं, परत एकदा करून दाखव.

आता त्या शिमग्याचं.

तुझ्या कॉलेजातले श्रीवर्धनचे सर काही झाडांच्या सालींवर काम करत होते. त्यांना तुझं एन्झाइम हवं होतं. तू ते नवीन केलं होतंस, आठ महिने लागले होते, आणि पहिल्या बारा नळ्या तू स्वतः सरांना नेऊन देणार होतीस. लॅबच्या गाडीने सरळ जाणार होतीस. मी फोनवर सांगितलं, होळीला घरची सून घरी पाहिजे. नितेश नाही, निदान तू तरी ये. तू म्हणालीस, मामा, बरोबर नाजूक डबा आहे. मी म्हटलं, चाळीस वर्षं नाजूक डबेच भरले मी. घेऊन ये.

आलीस. थर्माकोलचा डबा, चारी बाजूंनी टेप. ओटीवर सावलीत ठेवलास. आत सुका बर्फ आहे म्हणालीस. मी हसलो. सुकी मासळी ऐकली होती, सुका बर्फ नव्हता ऐकला. तू म्हणालीस, ह्याचं पाणी होत नाही, वाफ होऊन उडून जातो. फार थंड असतो, हात लावला तर भाजेल. उद्या दुपारपर्यंत पुरेल एवढा भरलाय. उघडू नका.

उघडू नका. हे तू मला सांगितलंस.

तुम्ही दोघी संध्याकाळी होळीला नारळ घेऊन गेलात. मी ओटीवर, डबा माझ्यासमोर. मी डब्याला कान लावला, हलवून बघितला. आत खुळखुळ वाजलं. भरलेली पेटी कधी वाजत नाही. मी टेप काढली. आत पांढऱ्या खड्यांचा धूर, पण निम्मा डबा रिकामा. पाण्याचा थेंब नाही. मला वाटलं, शहरातल्या पोरांनी भरलाय, तळाला चार खडे टाकून सून फसवली. उद्या सरांसमोर हिचं नाक कापलं जाईल.

मी धक्क्यावर गेलो. पाटीभर ताजा चुरा आणला. सुरमईला बसवतो तसा थरावर थर बसवला, नळ्या मधोमध. वरून जाडं मीठ मारलं. डब्यातून असा पांढरा धूर उसळला की मी मनात म्हटलं, बघ, आता खरी थंडी धरली. झाकण दाबलं, टेप जशीच्या तशी लावली. हात धुतले. तुम्ही आलात तेव्हा मी प्रसादाचा नारळ मागितला. सांगितलं नाही, कारण तुला ते सरांकडे गेल्यावरच कळावं असं मला वाटत होतं. डबा उघडशील, गच्च बर्फ बघशील आणि म्हणशील, हे मामांचं काम.

दुसऱ्या दिवशी तू दिघीच्या फेरीबोटीने पलीकडे गेलीस. मी संध्याकाळी धक्क्यावर येऊन उभा राहिलो. लोकांना वाटलं असेल, मासळीला आलाय. मी शाबासकीला आलो होतो.

तू उतरलीस. रिकामा डबा हातात. माझ्याकडे बघून म्हणालीस, "मामा, मेलं सगळं."

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "जिवंतच नव्हतं, तर मेलं कसं?"

मला त्याच क्षणी कळलं होतं काय झालं ते. पूर्ण नाही, पण कळलं होतं. डब्याच्या कडेला खारं पाणी वाळून पांढरी रेघ उमटली होती. ती रेघ मी जन्मभर बघत आलोय. नळ्या पाण्यात पोहत होत्या, चिठ्ठ्या निघून गेल्या होत्या, काहींत खारं पाणी शिरलं होतं, हे तू घरी सासूला सांगितलंस. सरांची मुलं टेबलाभोवती जमली होती. पिवळं झालंच नाही. तुमचा तो सुका बर्फ माझ्या बर्फापेक्षा कितीतरी पट थंड असतो, आणि साधा बर्फ त्याच्यात घालणं म्हणजे निखाऱ्यावर पाणी ओतण्यासारखं, हे मी नंतर हळूच दुसऱ्याकडून विचारून घेतलं. म्हणजे मी बर्फ घालून ते गरम केलं. चाळीस वर्षांच्या बर्फवाल्याने.

तू ओटीवर बसून तुझ्या साहेबांना फोन लावलास. मी समोर चहा पीत होतो. तू म्हणालीस, "माझंच चुकलं, सर. बर्फ मी कमी भरला."

माझा चहा संपला होता तरी मी कप तोंडाला लावून बसलो.

नंतरचे तीन महिने तू एकाही शनिवारी आली नाहीस. सगळं पहिल्यापासून करत होतीस. ज्या बढतीचं तू बोलली होतीस ती त्या वर्षी दुसऱ्याला गेली. तुझी सासू म्हणायची, पोरगी रागावलीय का आपल्यावर? मी म्हणायचो, काम असतं त्यांना. मग तू आलीस आणि विचारलंस, "मामा, आज बर्फ किती पेट्या?" मला वाटलं, सुटलो. तिला ठाऊक नाही. पुन्हा भांडायला लागलो आपण, पण मरण्याच्या मुद्द्यावर मी परत कधी आलो नाही. तुझ्या ते ध्यानात आलं असणार.

तुझ्या रक्ताच्या दुखण्याचं मी लिहिणार नाही. ते सगळ्यांना माहीत आहे. मुंबईच्या हॉस्पिटलात मी नितेशबरोबर पाळीने बसायचो. एक दिवस रुबीना आली होती, तिला मी कोपऱ्यात घेतलं. म्हटलं, तुम्ही एवढं माणसाचं बनवता, तिनेच बनवलंय, त्यातलं थोडं तिला द्या. रुबीना म्हणाली, काका, ते नाही देता येत, ते तपासायचं असतं, ह्या आजाराचं ते नाहीसुद्धा. मी आवाज चढवला. बाटलीवर काय लिहिलंय ते मला सांगू नको, म्हटलं. तू ऐकत होतीस. पलंगावरून म्हणालीस, "मामा, ओरडू नका तिला. आज तपासलं तर कधीतरी कोणाला तरी मिळेल."

"दुसऱ्याचं मला काय करायचं हाय?" मी म्हणालो.

तू डोळे मिटलेस. भांडली नाहीस. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

औषधांनी तुझं तोंड आलं होतं, पाणीही लागायचं. सिस्टर म्हणाली, बर्फाचे खडे चघळायला द्या. ते काम मी कोणाला करू दिलं नाही. फडक्यात बर्फ बांधायचा, चमच्याच्या पाठीने फोडायचा, टोक राहू द्यायचं नाही, जिभेला लागेल. वाटीत भरून एकेक खडा तुझ्या ओठांत ठेवायचो. चाळीस वर्षांत एवढा बारीक बर्फ मी फोडला नव्हता. तू एकदा वाटीत बघितलंस, मग माझ्याकडे, आणि म्हणालीस, "आता बरोबर."

आता म्हणजे? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, आणि मग मलाही सांगावं लागलं असतं. वेळ होता. चार दिवस होते अजून. मी बर्फ फोडत राहिलो.

काल रुबीनाने जो कागद दाखवला तो तुमच्या प्रत्येक डब्याबरोबर जातो. देशभर, देशाबाहेरही. तिने मला तो मराठीत सांगितला. पोचताच उणे तापमानात ठेवा. एकदा वितळलं की परत गोठवू नका. वाटेत डबा उघडू नये. साधा बर्फ घालू नये. आणि त्याच्या खाली एक ओळ: मीठ घालू नये.

रुबीना म्हणाली, ही ओळ दर्शनाने त्या शिमग्यानंतर घातली. आम्ही सगळे हसलो होतो, काका. एन्झाइमच्या डब्यात मीठ कोण घालेल? साहेबांनी दोनदा खोडली, तिने दोनदा परत लिहिली. विचारलं तर म्हणायची, कोणीतरी घालतं. चांगल्या मनाने घालतं. राहू द्या. आता नवीन कागद छापायचाय, साहेब म्हणतात ती ओळ काढू या, लोक हसतात. तुम्हाला काही माहीत आहे का, ती असं का म्हणायची?

तेव्हा मी म्हणालो, मला काय माहीत.

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ती पांढरी रेघ तुलाही कळली होती, खाडीकाठचीच तू. तरी फोनवर तसं बोललीस, माझ्या समोर बसून, माझ्या तोंडाकडे न बघता. आणि नंतर सगळी वर्षं माझ्याशी भांडत राहिलीस, मला जिंकूही दिलंस. माझी एकही पेटी परत आली नाही हे वाक्य माझ्याबरोबर पुरं करत राहिलीस. एकदा म्हणायचं होतंस ग. मी चिडलो असतो, दोन दिवस जेवलो नसतो, पण मग मोकळा झालो असतो. नाही, हेही खरं नाही. मी कबूल केलं नसतं. तुला ते माहीत होतं, म्हणून तू बोलली नाहीस. तू मला ओळखून होतीस आणि मी तुला कुठे ओळखलं होतं?

ते भांडणही मिटवतो. जिवंत नसलेलं मरतं. तुझं बरोबर होतं. काम थांबलं की मेलं. आमची आता शनिवारची संध्याकाळ असते, तिला काय म्हणायचं तूच सांग.

रुबीना, हे छापा. तुमच्या साहेबांना दाखवा आणि मिठाची ओळ काढू नका. हसू द्यात लोकांना. कोणीतरी घालतं.

दर्शना, पाटीभर चुरा आणि दीड मूठ जाडं मीठ, मी घातलं. टेप मी लावली. तू बर्फ बरोबर भरला होतास.